ज्याच्या हाती बंदूक, त्याला खटला कशाला हवा?

१ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे म्यानमारच्या राजधानीत, नेपिडोमध्ये, लष्कराने आँग सान सू ची यांना ताब्यात घेतलं. राष्ट्राध्यक्ष विन म्यिन यांनाही उचललं. आधीच्या नोव्हेंबरात निवडून आलेल्या खासदारांची पहिली बैठक त्याच दिवशी भरायची होती. रस्त्यांवर चिलखती गाड्या आल्या, फोन आणि इंटरनेट तुटलं. आणि दोनच दिवसांनी पोलिसांनी सू ची यांच्यावर पहिला गुन्हा नोंदवला: घराच्या झडतीत बेकायदा आयात केलेले वॉकी-टॉकी सापडले.

ही बातमी वाचल्यापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून राहिला. ज्या सेनापतीच्या हाती सगळं सैन्य आहे, सगळे पोलीस आहेत, सरकारी टीव्ही आहे, त्याला पंचाहत्तर वर्षांच्या बाईला कोंडून ठेवायला वॉकी-टॉकीची सबब का लागावी?

याचं उत्तर शोधायला गेलं की म्यानमारची लष्करशाही उलगडते आणि सू ची यांचं आयुष्यही. तिथल्या लष्कराने बंदुकीइतकाच कागद वापरला. हुकूम, कलम, कायदा आणि शेवटी अख्खी राज्यघटना. सू ची यांचा पक्ष १९९०, २०१५ आणि २०२० अशा तीन सार्वत्रिक निवडणुका प्रचंड मतांनी जिंकला. मतपेटीत त्यांना कुणी हरवलं नाही. दरवेळी आड आला तो एखादा कागद, आणि त्या कागदावर सही लष्कराची होती.

आपली कलमं, त्यांची कलमं

म्यानमार म्हणजे आपला जुना ब्रह्मदेश. मराठी घरांना तो दोन कारणांनी ठाऊक आहे: रत्नागिरीचा थिबा राजवाडा आणि मंडालेचा तुरुंग. १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबा राजाचं राज्य घेतलं आणि पुढे त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या १२४ अ कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेत काढली.

हे आपण शाळेत शिकतो, पण त्यामागची एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. त्यामुळे १८६० ची दंडसंहिता जशी आपल्याकडे आली तशीच तिकडेही गेली. इंग्रज गेले, कलमं राहिली. लोकमान्यांना ज्या कलमाने मंडालेला धाडलं ते १२४ अ म्यानमारमध्ये आजही आहे. २०२१ च्या उठावानंतर दोन आठवड्यांच्या आत लष्कराने ते आणखी कडक करून घेतलं. सू ची यांना त्या डिसेंबरात पहिली शिक्षा झाली, तिच्यात त्याच दंडसंहितेतलं ५०५ (ब) होतं, म्हणजे लोकांना चिथावणी देणं. आणि १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा, जो इंग्रजांनी हिंदुस्थानसाठी केला, त्याखाली त्यांना २०२२ मध्ये तीन वर्षं ठोठावली गेली.

म्हणून म्यानमारच्या कोर्टातली बातमी वाचताना मला ती परक्या देशातली वाटत नाही. परकीय सत्तेने रयतेला धाकात ठेवायला लिहिलेला कायदा स्वकीय सत्तेच्या हाती जसाच्या तसा लागला, तर काय होतं ते तिथे दिसतं.

वडिलांनी उभं केलेलं लष्कर

आधी नावाविषयी. बर्मी लोकांत आडनाव नसतं. सू ची यांच्या नावात तीन माणसं आहेत: 'आँग सान' वडिलांचं, 'सू' आजीचं, 'ची' आई खिन ची यांचं. रोमन लिपीतल्या स्पेलिंगमुळे आपल्याकडे काही जण 'की' लिहितात, उच्चार मात्र 'ची'च. तिकडे लोक त्यांना 'दॉ सू' म्हणतात. 'दॉ' म्हणजे आपण वडीलधाऱ्या बाईला मावशी किंवा काकू म्हणतो तसं.

वडील आँग सान हे ब्रह्मदेशाच्या स्वातंत्र्याचे नेते, आणि लष्कराचे संस्थापकही. तरुणपणी ते काही साथीदारांसह जपानकडून लष्करी शिक्षण घेऊन आले. त्या तीस जणांच्या तुकडीला तिकडे 'तीस साथी' म्हणतात. १९४१ च्या अखेरीस त्यांनी सेना उभी केली, आधी जपानबरोबर इंग्रजांशी लढले, मग २७ मार्च १९४५ रोजी जपानवरच उलटले. तो दिवस आजही तिथे लष्कर दिन म्हणून साजरा होतो. फेब्रुवारी १९४७ मध्ये आँग सान यांनी पांगलाँग गावी शान, काचिन आणि चिन या डोंगरी समाजांच्या पुढाऱ्यांशी करार केला: एकत्र राहू, पण तुमचा कारभार तुमच्याकडे राहील. पाच महिन्यांनी, १९ जुलैला, बैठक चालू असताना बंदूकधारी आत घुसले आणि त्यांनी आँग सान यांच्यासह मंत्रिमंडळातल्या बऱ्याच सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. ते ३२ वर्षांचे होते. मुलगी दोन वर्षांची.

जानेवारी १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण पांगलाँगचा शब्द पाळला गेला नाही. कारेन, काचिन, शान अशा एकेका समाजाने शस्त्र उचललं. त्यातल्या काही लढाया आजही चालू आहेत. लष्कराला आपल्या सत्तेचं कारण इथेच सापडलं. आम्ही नसलो तर देशाचे तुकडे होतील, हे वाक्य त्यांनी गेली साठ वर्षं शाळेच्या पुस्तकांपासून न्यायालयापर्यंत ऐकवलं आहे. २ मार्च १९६२ ला जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. ने विन स्वतः त्या तीस साथींपैकी होते. वडिलांच्या मित्राने वडिलांच्या सेनेच्या जोरावर वडिलांचा देश ताब्यात घेतला. सू ची यांचं आयुष्य समजून घ्यायचं तर ही गुंतागुंत विसरून चालत नाही. हे माझ्या वडिलांचं लष्कर आहे, त्याच्याविषयी मला जिव्हाळा आहे, असं त्या १९८८ च्या पहिल्या मोठ्या सभेत बोलल्या आणि पुढेही बोलत राहिल्या. त्यांच्या काही निर्णयांचं मूळ मला इथे दिसतं, त्याकडे पुढे येतोच.

त्या स्वतः मात्र तेव्हा देशात नव्हत्या. १९६० मध्ये आई भारतात राजदूत म्हणून आल्या, त्यांच्याबरोबर पंधरा वर्षांची सू ची दिल्लीला आली. राहायला मिळालेला बंगला २४, अकबर रोड, जो पुढे काँग्रेसचं मुख्य कार्यालय म्हणून सगळ्या देशाला माहीत झाला. लेडी श्रीराम कॉलेजातून त्यांनी १९६४ मध्ये राज्यशास्त्राची पदवी घेतली. गांधीजींचा अभ्यास त्यांनी इथेच केला आणि तो पुढे कामी आला. मग ऑक्सफर्ड, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत नोकरी, १९७२ मध्ये तिबेटचे अभ्यासक मायकेल एरिस यांच्याशी लग्न, दोन मुलगे. चाळिशीपर्यंत त्या संशोधन करणाऱ्या आणि मुलं वाढवणाऱ्या गृहिणी होत्या. सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेतही त्यांनी काही काळ काम केलं.

नोटा, चहाचं दुकान आणि शिलेदारांचे हुकूम

ने विन यांच्या 'बर्मी समाजवादा'ने तांदळाच्या कोठाराला दरिद्री केलं. सप्टेंबर १९८७ मध्ये त्यांनी २५, ३५ आणि ७५ चॅटच्या (चॅट हे तिथलं चलन) नोटा एका फटक्यात रद्द केल्या, बदलून मिळण्याची सोय न ठेवता. त्याऐवजी आल्या ४५ आणि ९० च्या नोटा, कारण त्या नऊने भागल्या जातात आणि नऊ हा ने विन यांचा शुभ आकडा होता. लोकांची साठवण रद्दी झाली. पुढच्या मार्चमध्ये रंगूनच्या एका चहाच्या दुकानात विद्यार्थ्यांची बाचाबाची झाली, ती चिघळली, पोलिसांच्या गोळीने विद्यार्थी मेला आणि देश पेटला.

नेमक्या त्याच सुमारास आईला पक्षाघात झाल्याची बातमी ऑक्सफर्डला पोचली. सू ची एकट्या आल्या, आईच्या उशाशी बसायला. इस्पितळात त्यांना जखमी विद्यार्थी दिसत होते. ८ ऑगस्ट १९८८ ला, ८-८-८८ या तारखेला, लाखो लोक रस्त्यावर उतरले. सैन्याने गोळ्या चालवल्या. त्या वर्षीच्या मृतांचे अंदाज तीन हजार आणि त्याहूनही पुढे जातात. २६ ऑगस्टला श्वेडगॉन पॅगोडाच्या पायथ्याशी प्रचंड जमावासमोर सू ची बोलायला उभ्या राहिल्या. देशाला आँग सान यांची मुलगी दिसली, पण ऐकायला मिळाली ती तिची स्वतःची, सरळ आणि न ओरडता बोलणारी भाषा.

१८ सप्टेंबरला लष्कराने नवं मंडळ स्थापून पुन्हा थेट सत्ता घेतली आणि जमावबंदी पुकारली. थोड्याच दिवसांत सू ची आणि त्यांच्या साथीदारांनी नॅशनल लीग फॉर डेमोक्रसी, म्हणजे एनएलडी हा पक्ष काढला. त्या गावोगाव हिंडल्या. ५ एप्रिल १९८९ ला इरावतीच्या मुखाजवळच्या दनुब्यू गावात सैनिकांनी गुडघे टेकून बंदुका रोखल्या. त्यांनी सोबत्यांना रस्त्याच्या कडेला व्हायला सांगितलं आणि त्या एकट्या रस्त्याच्या मधून पुढे चालत गेल्या. ऐन वेळी वरच्या अधिकाऱ्याने गोळीबार थांबवला.

तीन महिन्यांनी त्यांना पकडलं. तो पहिला कागद.

५४, युनिव्हर्सिटी अव्हेन्यू

नजरकैद म्हणजे काय, हे जरा थांबून पाहू. सू ची यांच्यावर त्या वेळी खटला झाला नाही. १९७५ चा एक राज्यसंरक्षण कायदा होता. एखादी व्यक्ती राज्याला धोका होईल असं सरकारला वाटलं की आरोपपत्राशिवाय, न्यायाधीशाशिवाय तिला तीन वर्षांपर्यंत बंद ठेवता येई. तीन वर्षं पुरणार नाहीत असं दिसल्यावर १९९१ मध्ये लष्कराने ती मुदत पाच वर्षं केली. कैदी आत असताना कायदा लांबवला. गुन्हा नाही म्हणजे शिक्षा संपण्याची तारीखही नाही.

इन्या तळ्याकाठचं आईचं जुनं घर, क्रमांक ५४. फाटकावर पहारा, फोन तोडलेला. पहाटे उठून ध्यान, मग रेडिओवर तासन् तास बातम्या, पियानो. २० जुलै १९८९ ते १३ नोव्हेंबर २०१० या एकवीस वर्षांत जवळपास पंधरा वर्षं त्या कैदेत होत्या, मधे मधे सुटका आणि पुन्हा पकड.

त्या आत असतानाच २७ मे १९९० ला निवडणूक झाली. लष्कराला वाटलं होतं, नेत्या आत आहेत, मतं फुटतील. एनएलडीने ४९२ पैकी ३९२ जागा जिंकल्या. लष्कराच्या मर्जीतल्या पक्षाला मिळाल्या दहा. मग आला दुसरा कागद: जुलैमध्ये '१/९०' क्रमांकाचा जाहीरनामा. निवडून आलेल्यांचं काम सरकार बनवणं नाही, फक्त नवी घटना लिहायला मदत करणं आहे, असा त्याचा अर्थ. घटना होईपर्यंत सत्ता आमच्याकडे. ती घटना व्हायला पुढे अठरा वर्षं लागली.

१९९१ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला तो ऑस्लोत मुलांनी स्वीकारला. १९९५ मध्ये सुटका झाल्यावर शनिवार-रविवारी लोक घरासमोर जमू लागले. त्या फाटकाच्या आतून टेबलावर उभ्या राहून वरून बोलायच्या, लोकांच्या चिठ्ठ्या वाचून प्रश्नांना उत्तरं द्यायच्या. हजारो माणसं डांबरी रस्त्यावर मांडी घालून ऐकत. वर्षभराने लष्कराने रस्ताच अडवला.

१९९५ चा नाताळ हा नवऱ्याबरोबरचा त्यांचा शेवटचा. नंतर मायकेल यांना व्हिसा मिळेना. त्यांना कर्करोग झाला, तरी मिळेना. लष्कर सू ची यांना सांगत होतं, तुम्ही जा ना भेटायला, दार उघडं आहे. त्या गेल्या असत्या तर परत येऊ दिलं नसतं, हे दोघांनाही कळत होतं. मायकेल २७ मार्च १९९९ ला गेले. त्यांचा तो त्रेपन्नावा वाढदिवस होता. म्यानमारमध्ये त्या दिवशी लष्कर दिनाचं संचलन चालू असणार.

'तिने देशासाठी संसारावर पाणी सोडलं' असं म्हणून आपण ही गोष्ट पटकन गौरवाच्या चौकटीत बसवतो. मला वाटतं त्यात लष्कराने काय केलं ते झाकलं जातं. मरणाऱ्या माणसाला बायकोला भेटण्याचा परवाना नाकारणं हे तिथल्या कुठल्या तरी कार्यालयातल्या टेबलावर ठरलेलं काम होतं, आणि ते तीन वर्षं चाललं.

२००३ मध्ये सागाइंग भागात देपायिनजवळ त्यांच्या ताफ्यावर लष्कराच्या आश्रयाने वाढलेल्या संघटनेच्या जमावाने रात्री हल्ला केला. बरेच कार्यकर्ते मारले गेले. सू ची वाचल्या आणि पुन्हा कैदेत गेल्या.

बिल्डरने लिहिलेले उपविधी

आता तो सगळ्यात मोठा कागद, २००८ ची राज्यघटना. म्यानमारचं आजचं दुखणं कळायला हिच्यातली चार-पाच कलमं पुरेशी आहेत.

ती मंजूर कशी झाली ते आधी बघा. मे २००८ च्या सुरुवातीला नर्गिस चक्रीवादळ इरावतीच्या मुखावर आदळलं. सुमारे १,३८,००० माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. प्रेतं पाण्यात तरंगत असताना, परदेशी मदतीची जहाजं बाहेर थांबलेली असताना, १० मे ला लष्कराने सार्वमत घेतलं. फक्त वादळाने झोडपलेल्या भागांत ते दोन आठवडे पुढे ढकललं. निकाल जाहीर झाला: ९२ टक्क्यांहून जास्त लोक घटनेच्या बाजूने.

आता समजा, तुमची गृहनिर्माण सोसायटी आहे. तिचे उपविधी बिल्डरने लिहिलेत. त्यात म्हटलंय की कमिटीत चौथा हिस्सा माणसं कायम बिल्डर नेमणार, त्यांना निवडणूक नाही. उपविधी बदलायचे तर तीन चतुर्थांशांहून जास्त मतं हवीत. म्हणजे बाकी सगळे सभासद एकदिलाने हात वर करोत, बिल्डरचा एक माणूस फुटल्याशिवाय स्वल्पविरामही बदलत नाही. शिवाय पहारेकरी, फाटकाची किल्ली आणि कुंपण बिल्डरकडे. आणि सोसायटी संकटात आहे असं ठरलं तर कमिटी बरखास्त, सगळा कारभार बिल्डरकडे.

घटनेत हेच आहे. दोन्ही सभागृहांच्या ६६४ जागांपैकी १६६ वर सरसेनापती गणवेशातले अधिकारी बसवतो. दुरुस्तीला ७५ टक्क्यांहून अधिक मतं लागतात. संरक्षण, गृह आणि सीमा ही तीन खाती सरसेनापतीच्या माणसांकडे असतात. गृह खातं म्हणजे पोलीस, आणि २०१८ च्या अखेरपर्यंत गावागावातला महसुली कारभारसुद्धा, आपल्याकडच्या तहसीलदार-तलाठ्यांसारखा. तीन उच्च पदांपैकी, म्हणजे एक राष्ट्राध्यक्ष आणि दोन उपराष्ट्राध्यक्ष यांपैकी, एकाचं नाव लष्करी खासदार सुचवतात. आणि आणीबाणी आली की सगळी सत्ता सरसेनापतीकडे.

एक कलम मात्र एका बाईकडे पाहून लिहिल्यासारखं आहे, ५९ (फ). ज्याचा जोडीदार किंवा मुलं परदेशी नागरिक असतील त्याला राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही. सू ची यांचे दोन्ही मुलगे ब्रिटिश नागरिक.

असं असून त्या खेळात उतरल्या का? २०१० ची निवडणूक पक्षाने लढवली नाही, पण २०१२ च्या पोटनिवडणुका लढवल्या आणि ४४ पैकी ४३ जागा जिंकल्या. आत शिरल्याशिवाय कुलूप उघडणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. ८ नोव्हेंबर २०१५ ला एनएलडीने लष्कराचा चौथा हिस्सा धरूनही बहुमत होईल एवढ्या जागा घेतल्या. मग पक्षाचे कायदेपंडित को नी यांनी घटनेतच एक फट शोधली. राष्ट्राध्यक्ष होता येत नाही ना, मग साध्या बहुमताने कायदा करून 'राज्य सल्लागार' असं नवं पद निर्माण करा. घटनेत त्याला कुठेही मनाई नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये लष्करी खासदारांनी मतदानावर बहिष्कार टाकला, पण कायदा झाला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा लष्कराच्या कागदाला लोकांच्या बाजूने कागदानेच उत्तर मिळालं.

को नी यांना २९ जानेवारी २०१७ ला यांगोन (जुनं रंगून) विमानतळाबाहेर मागून डोक्यात गोळी घातली. तेव्हा त्यांच्या कडेवर नातू होता. मारेकऱ्याच्या मागे धावलेल्या टॅक्सीवाल्यालाही त्याने ठार केलं. को नी मुसलमान होते आणि घटना बदलण्याचे सगळ्यात खंबीर पुरस्कर्ते होते. सू ची यांच्या आयुष्यावर लिहिणाऱ्यांनी या माणसाला एक परिच्छेद तरी द्यायलाच हवा.

हेगचा दिवस

२५ ऑगस्ट २०१७ ला रखाइन प्रांतात रोहिंग्या मुसलमानांच्या एका सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. लष्कराने त्याचा सूड अख्ख्या समाजावर घेतला. गावं जाळली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. सात लाखांहून अधिक रोहिंग्या सीमा ओलांडून बांगलादेशात गेले. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना आधीच बिगर-नागरिक करून ठेवलं होतं. तोही कागदच.

सू ची सैन्याला थांबवू शकत होत्या का? घटनेप्रमाणे, नाही. सैन्य त्यांच्या हाताखाली नव्हतं. इथवर त्यांची बाजू खरी आहे आणि ती पाश्चात्त्य वर्तमानपत्रांत पुष्कळदा सांगितली गेली नाही. पण त्या बोलू शकत होत्या, आणि बोलल्या नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गांबियाने म्यानमारवर लावलेल्या वंशसंहाराच्या दाव्याची सुनावणी झाली, तेव्हा त्या स्वतः देशाची बाजू मांडायला गेल्या. वकील पाठवून भागलं असतं. चित्र अपुरं आणि दिशाभूल करणारं आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या समाजाचं नाव घेणंही त्यांनी टाळलं.

त्याच काळात रोहिंग्यांची हत्या उघडकीला आणणाऱ्या रॉयटर्सच्या दोन बर्मी पत्रकारांना शासकीय गुपितांच्या १९२३ च्या कायद्याखाली सात वर्षांची शिक्षा झाली. ते पाचशेहून जास्त दिवस तुरुंगात होते. सरकार सू ची यांचं होतं. त्यांनी या पत्रकारांचा बचाव केला नाही, उलट निकाल योग्य असल्याचं सांगितलं. तीन वर्षांनी तोच कायदा सू ची यांच्यावर चालवला गेला.

मला यातून वाईट वाटतं, आणि ते लपवायचं नाही. काही जण म्हणतात, तो नाइलाज होता, लष्कर उखडू नये म्हणून. काही म्हणतात, बहुसंख्य बर्मी बौद्धांच्या मतांसाठी. मला तिसरंही एक कारण दिसतं. वडिलांचं लष्कर एक दिवस वळेल, त्याला लाज न आणता आपल्याकडे आणता येईल, हा विश्वास त्यांनी कधी सोडला नाही. तो विश्वास त्यांच्या घरातून आला होता. किंमत मात्र रोहिंग्यांनी दिली.

पुन्हा कागद

मार्च २०२० मध्ये एनएलडीने घटनादुरुस्ती आणली: संसदेतला लष्कराचा हिस्सा २५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने १५, १० आणि ५ वर आणू. ७५ टक्क्यांची भिंत आडवी आली, दुरुस्ती पडली. पण नोव्हेंबरमध्ये पक्षाने ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या, लष्कराच्या पक्षाला ३३ मिळाल्या. सरसेनापती मिन आँग लाइंग २०२१ च्या जुलैत पासष्ट वर्षांचे होऊन निवृत्त व्हायचे होते.

१ फेब्रुवारीला काय झालं ते आता नीट समजेल. आणीबाणी फक्त राष्ट्राध्यक्षच जाहीर करू शकतो. म्हणून राष्ट्राध्यक्षांना कैद केलं. राष्ट्राध्यक्ष नसला की पद जातं उपराष्ट्राध्यक्षाकडे, आणि एक उपराष्ट्राध्यक्ष लष्कराने सुचवलेला होताच. त्याने सही केली, सत्ता सरसेनापतीला दिली. लष्कर म्हणालं, हा उठाव नाही, हे घटनेप्रमाणे आहे. आणि सू ची यांना निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवायला कुठली तरी शिक्षा हवी होती. तिथे कामाला आले ते वॉकी-टॉकी.

पुढच्या दोन वर्षांत नेपिडोतल्या बंद दाराआड एकापाठोपाठ एक खटले चालले. कोरोनाचे नियम मोडले, लाच घेतली, गुपितं फोडली, निवडणुकीत घोटाळा केला. वकिलांना बाहेर बोलायची बंदी. २०२२ च्या अखेरीस शिक्षांची बेरीज ३३ वर्षं झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये माफीच्या नावाखाली सहा कमी केली. एनएलडी पक्ष त्याच वर्षी नोंदणी न केल्याच्या कारणावरून रद्द केला गेला.

बाहेर मात्र देश बदलला. पहिल्याच आठवड्यात डॉक्टर आणि परिचारिका कामावर जायचे थांबले, रोज रात्री आठ वाजता घराघरातून थाळ्या आणि पातेली बडवली जात होती, घरातून भूत हाकलताना तिथे बडवतात तशी. २७ मार्च २०२१ ला, लष्कर दिनाला, एका दिवसात शंभरहून अधिक माणसं मारली गेली. जुलै २०२२ मध्ये चार जणांना फाशी दिली, त्यात एनएलडीचे माजी खासदार फ्यो झेया थॉ होते. हजारो तरुण जंगलात गेले आणि कारेन, काचिन संघटनांकडून शस्त्र चालवायला शिकले. सू ची यांचा अहिंसेचा मार्ग त्यांनी सोडला, पण एक गोष्ट त्यांच्याही पुढे जाऊन केली: अनेकांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली, आणि त्यांच्या समांतर सरकारने जून २०२१ मध्ये १९८२ चा नागरिकत्व कायदा रद्द करण्याचं वचन दिलं.

५४ क्रमांकाच्या घरावर सू ची यांच्या थोरल्या भावाने वाटणीचा दावा घातला होता. कोर्टाने घर विकून पैसे वाटायचा हुकूम दिला. २० मार्च २०२४ ला त्याच फाटकासमोर लिलाव ठेवला गेला, किमान बोली ३१५ अब्ज चॅट. एकही माणूस बोली लावायला आला नाही. पुढे किंमत उतरवून पुन्हा लिलाव पुकारला, पुन्हा कुणी आलं नाही.